जव्हार-मोखाड्याचा उन्हाळा : हवामान-अंदाज, पाणीटंचाई आणि शासकीय नोंदी यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील दुष्काळाचा इतिहास प्रामुख्याने मराठवाडा, सोलापूर, अहमदनगर, सांगली-साताऱ्याचा पूर्व भाग अशा अवर्षणप्रवण प्रदेशांच्या संदर्भात लिहिला गेला आहे. कोकण विभागाचा उल्लेख आला तर तो अतिवृष्टी, पूर आणि चक्रीवादळ यांच्या निमित्ताने येतो. या मांडणीत पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे दोन डोंगराळ आदिवासी तालुके बसत नाहीत. येथे वर्षाला सर्वसाधारणपणे अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही मार्च ते जून या काळात अनेक पाड्यांवरील विहिरी तळाला जातात आणि टँकरची वाट पाहावी लागते. पावसाळ्यात धुक्यात बुडालेला हा प्रदेश उन्हाळ्यात तहानलेला असतो, ही गोष्ट वृत्तपत्रांच्या वाचकांना परिचित आहे. परंतु ती दरवर्षी नव्याने घडलेली बातमी म्हणून वाचली जाते. तिच्यामागील इतिहासाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

अलीकडील काळात या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला गेला आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या नोंदींनुसार मार्च २०२२ मधील देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींत त्या महिन्यासाठी सर्वाधिक ठरले. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावरील जाहीर समारंभात उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. कोकणातील उन्हाळा 'दमट पण सुसह्य' असतो ही समजूत या घटनेने मोडीत काढली. अशा परिस्थितीत हवामानाचा अंदाज कोणासाठी, कोणत्या मोजमापावर आणि कोणत्या ऋतूला केंद्रस्थानी धरून तयार होत आला, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकानेही विचारणे आवश्यक ठरते.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (१) जव्हार व मोखाडा परिसरातील उन्हाळ्याविषयीच्या लोकपरंपरेतील आडाख्यांचे स्वरूप समजून घेणे. (२) वसाहतकाळापासून हवामानाच्या शासकीय नोंदींची रचना कशी झाली आणि त्यात उन्हाळ्याला कोणते स्थान मिळाले, हे तपासणे. (३) दुष्काळ, टंचाई आणि उष्णतेची लाट यांच्या प्रशासकीय व्याख्यांचा या दोन तालुक्यांवर झालेला परिणाम स्पष्ट करणे.

लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचन द्वितीयक साधनांवर आधारित आहे. अभ्यासाचे गृहीतक असे की, या भागातील उन्हाळ्याची तीव्रता शासनाच्या नजरेतून निसटण्याचे एक महत्त्वाचे कारण नोंदींच्या पद्धतीत आहे. जेथे पाऊस मोजला गेला आणि उष्णता मोजली गेली नाही, तेथे उन्हाळ्याचे संकट कागदावर उमटले नाही.

भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी :

जव्हार हे समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवरील पठारावर वसले आहे. मोखाडा त्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या मुख्य रांगेकडे सरकलेले आहे. सूर्यमाळ, खोडाळा हा भाग मोखाड्यात येतो. वैतरणा, पिंजाळ, सूर्या आणि वाघ या नद्यांचे पाणी या डोंगरांतून वाहते. खडक दख्खनच्या पठाराचा, म्हणजे काळा बेसाल्ट आहे. या खडकात पाणी साठते ते त्याच्या झिजलेल्या थरात आणि फटींत. अखंड खडकात त्याला जागा नसते. उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खडक कठीण असल्याने पावसाचे बहुतेक पाणी थोड्याच काळात नदीला जाऊन मिळते. त्यामुळे वार्षिक पर्जन्यमान मोठे असूनही भूजलाचा साठा उथळ राहतो आणि होळीनंतर तो झपाट्याने कमी होतो.

राजकीय दृष्टीने या दोन तालुक्यांचा इतिहास वेगवेगळा आहे. जव्हार हे मुकणे घराण्याचे महादेव कोळी संस्थान होते. १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाकडून 'शाह' ही पदवी मिळाल्याची परंपरा या घराण्यात सांगितली जाते. संस्थानचे शेवटचे अधिपती यशवंतराव मुकणे यांच्या काळात, १९४८ मध्ये, जव्हार मुंबई राज्यात विलीन झाले. मोखाडा मात्र ब्रिटिश मुलखात होते. पूर्वी कोळवण नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहापूर तालुक्याचा तो एक पेटा होता. एकाच डोंगरात एकीकडे संस्थानी कारभार आणि दुसरीकडे इंग्रजी कलेक्टरी अशी विभागणी होती. स्वातंत्र्यानंतर दोन्ही भाग ठाणे जिल्ह्यात आले आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्ह्याची निर्मिती झाल्यावर त्या जिल्ह्यात समाविष्ट झाले. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांत अनुसूचित जमातींचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर आणि कातकरी हे येथील प्रमुख समाज होत.

जव्हारला 'ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर' म्हणण्याची प्रथा जुनी आहे. जयविलास राजवाडा, दाभोसा धबधबा आणि पावसाळी धुके यांमुळे ही प्रतिमा रूढ झाली. मात्र पर्यटकाच्या दृष्टीने 'थंड हवेचे ठिकाण' असलेल्या गावाभोवतीच्या पाड्यांवर एप्रिल महिन्यातील दुपार कशी जाते, हे या प्रतिमेतून कळत नाही.

पंचांग, रान आणि राब : लोकपरंपरेतील आडाखे :

या भागातील शेतकऱ्यासाठी उन्हाळा हा रिकामा काळ कधीच नव्हता. पावसाळ्याची सर्व तयारी याच काळात होत असे आणि आजही होते. भात, नागली आणि वरई ही येथील मुख्य पिके. त्यांची रोपे तयार करण्यासाठी जमीन भाजण्याची 'राब' ही पद्धत ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत सर्वत्र प्रचलित होती. झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत आणि वर मातीचा थर अशी रचना करून ती एप्रिल-मे महिन्यांत जाळली जाते. त्यामुळे तणाचे बी नष्ट होते आणि राखेचे खत मिळते. राब भाजण्याची वेळ साधणे महत्त्वाचे असते. राब भाजण्यापूर्वी अवकाळी पाऊस आला तर पाला ओला होतो, भाजल्यानंतर जोराची सर आली तर राख वाहून जाते. म्हणजेच या भागातील शेतकऱ्याला मान्सून कधी येणार याइतकेच, त्यापूर्वीचे कोरडे दिवस किती काळ टिकणार हे जाणून घेणे आवश्यक होते. उन्हाळ्याचा अंदाज ही येथील शेतीची गरज होती.

या गरजेतून आडाख्यांची एक व्यवस्था उभी राहिली. तिचा एक भाग मराठी मुलखात सर्वत्र आढळणारा आहे. पंचांगातील नक्षत्रे, रोहिणीचा पाऊस, मृगाचे वाहन, सहदेव-भाडळीच्या नावाने चालत आलेली भाकिते ही त्याची उदाहरणे होत. दुसरा भाग रानाशी निगडित आहे. बहावा फुलणे, पावशाचे ओरडणे, मुंग्यांनी अंडी हलविणे, पावसाच्या तोंडावर काजव्यांची दाटी होणे या खुणांवरून पावसाच्या आगमनाचा अंदाज बांधला जाई. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे या भागातील 'आखाती'ला, टोपलीत धान्य पेरून उगवलेल्या रोपांची पूजा करण्याची प्रथा आदिवासी समाजांत आहे. तिच्यात धार्मिक भावनेबरोबरच बियाण्याची उगवण पाहण्याचा व्यावहारिक भागही असल्याचे म्हणता येते. उन्हाळ्यातच मोखाडा-जव्हार परिसरात मुखवट्यांचा 'बोहाडा' उत्सव होतो. मोहाची फुले वेचण्याचे काम मार्च-एप्रिलमध्ये पहाटे केले जाते, कारण ऊन चढल्यावर ते अशक्य होते. दिवसाच्या कामाची वेळ उन्हाप्रमाणे ठरविण्याची शिस्त या जीवनक्रमात होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

या आडाख्यांना आधुनिक अर्थाने 'अंदाज' म्हणता येणार नाही. ते पडताळले जात नव्हते आणि अनेकदा चुकतही असत. तथापि त्यांचे एक वैशिष्ट्य नोंदविण्याजोगे आहे. ते स्थानिक होते. एका पाड्यावरील माणूस आपल्याच डोंगरावरील झाड, पक्षी आणि झरा पाहून निर्णय घेत होता.

वसाहतकाळात या व्यवस्थेवर वनखात्याच्या निर्बंधांचा आघात झाला. राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधने आल्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोठा असंतोष निर्माण झाला. त्यातून १८८५ मध्ये मुंबई सरकारने वन आयोग नेमला. या वादात राब ही शेतीची गरज की जंगलाची नासाडी, यावर बरीच चर्चा झाली. उन्हाळ्यात शेतकरी नेमके काय करतो आणि का करतो, हा प्रश्न शासनासमोर प्रथमच गांभीर्याने आला. मात्र तो जंगलाच्या संदर्भात आला. हवामानाच्या संदर्भात त्याची नोंद घेतली गेली नाही.

पर्जन्यमापकाचे राज्य : वसाहतकालीन नोंदी :

मुंबईतील कुलाबा वेधशाळेची स्थापना १८२६ मध्ये झाली आणि १८४१ पासून तेथे हवामानाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ यांच्या पार्श्वभूमीवर १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग अस्तित्वात आला. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख होते. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन उद्ध्वस्त झाले. त्यानंतर मान्सूनचा आगाऊ अंदाज देण्याची मागणी सरकारकडून झाली. ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फ आणि मान्सून यांचा संबंध तपासून प्रायोगिक अंदाज दिले आणि १८८६ पासून मान्सूनचा हंगामी अंदाज नियमितपणे प्रसिद्ध होऊ लागला. पुढे १९०४ ते १९२४ या काळात गिल्बर्ट वॉकर यांनी जगाच्या विविध भागांतील वायुभाराचा संबंध मान्सूनशी जोडून या शास्त्राला संख्याशास्त्रीय पाया दिला.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. भारतातील हवामान-अंदाजाचा जन्म पावसाच्या चिंतेतून झाला. जमीन महसूल पिकावर आणि पीक पावसावर अवलंबून असल्याने शासनाला पावसाची माहिती हवी होती. त्यामुळे तालुक्याच्या कचेरीत पर्जन्यमापक बसविला गेला आणि रोज सकाळी पावसाची नोंद घेण्याची पद्धत रूढ झाली. तापमान मोजण्यासाठी प्रशिक्षित निरीक्षक आणि योग्य उपकरणांची वेधशाळा लागते. अशा वेधशाळा मोजक्याच ठिकाणी होत्या आणि कोकणात त्या मुख्यतः किनाऱ्यावर, बंदरे व जहाजे यांच्या सोयीने उभ्या राहिल्या. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागासाठी डहाणूची वेधशाळा प्रातिनिधिक ठरली. ती समुद्रकाठी आहे.

१८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये जव्हार संस्थानावर स्वतंत्र प्रकरण आहे. गॅझेटिअर व तत्सम शासकीय ग्रंथांची रचना पाहता पर्जन्यमान हा हवामानवर्णनाचा कणा असल्याचे दिसून येते. पावसाचा आकडा तुलनेस सोपा, तक्त्यात बसणारा आणि महसुलाशी जोडलेला होता. परिणामी जव्हार व मोखाडा हे भाग 'भरपूर पावसाचे' म्हणून कागदावर आले. ही नोंद खरी होती. मात्र ती वर्षातील चार महिन्यांचीच होती. उरलेल्या आठ महिन्यांसाठी तुलनात्मक आकडा उपलब्ध नव्हता.

दुष्काळाची व्याख्या आणि उन्हाळा :

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ-संहिता तयार झाल्या. पीक किती आणे आले यावरून महसुलाची सूट व मदत ठरविण्याची पद्धत म्हणजे आणेवारी. स्वातंत्र्यानंतर तिची पैसेवारी झाली. पैसेवारी ५० पैशांपेक्षा कमी असेल तर टंचाईसदृश स्थिती मानली जाई. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पैसेवारीऐवजी पर्जन्यतूट, पावसातील खंड, जमिनीतील ओलावा, पिकांची स्थिती व भूजल असे निर्देशांक आणले. ही सुधारणा निश्चितच शास्त्रीय होती. तरीही दुष्काळाचा पहिला निकष पावसातील तूट हाच राहिला.

जव्हार-मोखाड्यात पावसाची तूट क्वचितच निर्णायक ठरते. भात व नागलीचे पीक सर्वसाधारण आले की पैसेवारी समाधानकारक ठरते आणि दुष्काळाचा विषय संपतो. प्रत्यक्षात संकट त्यानंतर सुरू होते. १९७२ च्या दुष्काळातून जन्मलेल्या आणि १९७७ च्या कायद्याने हक्काचे स्वरूप मिळालेल्या रोजगार हमी योजनेने उन्हाळ्यातील रोजगाराचा प्रश्न काही अंशी हाताळला. पिण्याच्या पाण्यासाठी मात्र 'टंचाई आराखडा' हीच प्रमुख यंत्रणा राहिली. ऑक्टोबर ते जून या काळाचे तीन टप्पे पाडून विहिरी खोल करणे, विंधन विहिरी घेणे, नळयोजनांची दुरुस्ती आणि शेवटी टँकर अशी उपाययोजना त्यात असते. टँकरद्वारे ग्रामीण भागात दरडोई २० लिटर पाणी देण्याचा निकष दीर्घकाळ वापरला गेला. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे उद्दिष्ट दरडोई ५५ लिटरचे आहे. या दोन आकड्यांमधील अंतर पाहिले म्हणजे टँकरवर अवलंबून असलेल्या पाड्याची स्थिती वेगळी सांगण्याची गरज उरत नाही. उष्ण दिवसात माणसाला आणि जनावराला अधिक पाणी लागते. टंचाई आराखड्यातील माणशी आकडा मात्र तापमानाप्रमाणे बदलत नाही.

वैतरणेचे पाणी :

या भागातील पाऊस कोणाच्या उपयोगी पडला, हा प्रश्नही इतिहासाचा भाग आहे. मुंबईची वाढती तहान भागविण्यासाठी १८९२ मध्ये तानसा जलाशय पूर्ण झाला. त्यानंतर वैतरणा नदीवर १९५७ मध्ये मोडकसागर, १९७३ मध्ये अप्पर वैतरणा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा हे प्रकल्प कार्यान्वित झाले. यांपैकी १०० मीटरहून अधिक उंचीचे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे आहे आणि त्यातून मुंबईला प्रतिदिन ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळण्याची तरतूद आहे. पिंजाळ नदीवरही मुंबईसाठी प्रकल्प प्रस्तावित झालेला आहे.

मुंबई महानगरपालिका आपल्या सात तलावांतील साठ्याची आकडेवारी नियमितपणे प्रसिद्ध करते. जून महिन्यात मुंबईतील नागरिक ती उत्सुकतेने वाचतो. वैतरणेच्या पाणलोटात पाऊस कधी सुरू होणार हा अंदाज एका महानगराच्या पाणीकपातीचा निर्णय ठरवितो. त्याच पाणलोटातील पाड्यांवरील विहिरींच्या पातळीला असे स्थान मिळालेले नाही. शहराला पाणी देणे चूक होते असा निष्कर्ष यातून काढणे योग्य होणार नाही. मुंबईच्या पाण्यावर लाखो श्रमिकही जगतात आणि त्यांत ठाणे-पालघरमधून गेलेली कुटुंबेही आहेत. मात्र धरण बांधताना उंचावरील पाड्यांपर्यंत पाणी चढविण्याची तरतूद त्याच निश्चयाने झाली असती, तर उन्हाळ्याचे चित्र वेगळे दिसले असते, असे म्हणण्यास जागा आहे.

अंदाज पोहोचविण्याचे प्रयत्न :

हवामान विभागाचे कार्य पावसापुरते मर्यादित राहिले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९२८ मध्ये विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. १९३२ मध्ये पुण्यात कृषी हवामानशास्त्राची शाखा सुरू झाली. डॉ. एल. ए. रामदास यांनी जमिनीलगतच्या हवेचे तापमान, बाष्पीभवन आणि पीक यांचा मूलभूत अभ्यास केला. १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानविषयक निवेदने प्रसारित होऊ लागली.

एकविसाव्या शतकात या कार्याला वेग आला. राज्य शासनाच्या 'महावेध' प्रकल्पातून दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यामुळे पावसाबरोबरच तापमान, आर्द्रता आणि वारा यांची मंडळस्तरीय नोंद होऊ लागली. २०१६ पासून हवामान विभाग उन्हाळ्याच्या तापमानाचा हंगामी अंदाज देऊ लागला. पर्जन्यमानाचा पहिला नियमित हंगामी अंदाज १८८६ चा आणि उन्हाळ्याचा २०१६ चा. या दोहोंमधील १३० वर्षांचे अंतर प्रस्तुत लेखाच्या गृहीतकाला पुष्टी देणारे आहे. २०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रे सुरू करण्यात आली आणि त्यांच्यामार्फत शेतकऱ्यांना तालुकास्तरीय सल्ला मिळू लागला. मात्र २०२४ मध्ये देशातील अशी १९९ केंद्रे बंद करण्यात आली. स्थानिक भाषेत अंदाजाचा अर्थ समजावून सांगणारा जिल्ह्यातील दुवा त्यामुळे तुटला.

उष्णतेच्या लाटेची व्याख्या आणि जव्हारचे स्थान :

हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस, डोंगराळ प्रदेशात किमान ३० अंश आणि किनारी प्रदेशात किमान ३७ अंश असेल, तरच उष्णतेच्या लाटेचा विचार केला जातो. सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंश अधिक तापमान ही लाट आणि त्याहून अधिक वाढ ही तीव्र लाट मानली जाते. हवामानशास्त्रीय उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस ही स्थिती राहिल्यास दुसऱ्या दिवशी लाट घोषित होते.

या निकषांत जव्हार कोठे बसते? हवामानशास्त्रीय उपविभाग 'कोकण व गोवा' आहे, जिल्हा समुद्रकाठचा आहे, गाव डोंगरावर आहे आणि भोवतालचा उतार मैदानी उन्हासारखा तापतो. कोकणात उष्णतेची लाट येते तेव्हा जमिनीकडून येणारे कोरडे पूर्वेचे किंवा ईशान्येचे वारे प्रबळ असतात आणि समुद्रावरून येणारे वारे उशिरा सुरू होतात. मुंबईत सांताक्रूझ येथे १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश तापमान नोंदले गेले होते. कोकणातील अतितापमान मे महिन्यापूर्वीच, मार्च-एप्रिलमध्ये येऊ शकते, हे यावरून दिसते. डहाणूला दुपारी समुद्राचा वारा पोहोचला की पारा उतरतो. ६०-७० किलोमीटर आत, डोंगरांच्या आड असलेल्या पाड्याला तो दिलासा त्याच वेळी व त्याच प्रमाणात मिळेल असे गृहीत धरता येत नाही. जिल्ह्यासाठी एकच रंगाचा इशारा दिला जातो तेव्हा किनारा आणि सह्याद्री यांतील हा फरक पुसला जातो.

उन्हात राबणारा समाज :

अंदाजाचा उपयोग तो ऐकणाऱ्याच्या हातात काय आहे यावर अवलंबून असतो. जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्या आणि बांधकामांवर कामासाठी भिवंडी, वसई, कल्याण, वाडा या भागांत स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे उन्हाळ्याचे सर्वांत कडक दिवस ही माणसे स्वतःच्या गावाबाहेर, उघड्यावर आणि भट्टीच्या धगीजवळ काढतात. मोहाची फुले पहाटे वेचणाऱ्या समाजाला उन्हाप्रमाणे कामाची वेळ ठरविण्याचे जे स्वातंत्र्य होते, ते उचल घेऊन भट्टीवर गेलेल्या मजुराला राहत नाही. 'दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नये' हा सल्ला त्याच्यासाठी मजुरी सोडण्याचा सल्ला ठरतो.

गावात राहिलेल्या स्त्रियांची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. विहीर आटली की नदीच्या पात्रात खड्डा उकरून झिरपणारे पाणी वाटीने भरावे लागते. पाणी आणण्याचे अंतर वाढते, उंचावरील पाड्यावर ते चढून न्यावे लागते. पाणीटंचाई आणि उष्णता ही दोन स्वतंत्र संकटे म्हणून दोन वेगळ्या कार्यालयांत हाताळली जात असली, तरी हंडा वाहणाऱ्या स्त्रीच्या शरीरावर ती एकाच वेळी येतात.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तत्कालीन मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक यांनी त्या भागाला भेट दिली आणि पुढे जव्हार येथे अपर जिल्हाधिकारी कार्यालय सुरू झाले. कुपोषणाची चर्चा त्यानंतर आहार व आरोग्यसेवा यांभोवती झाली आणि ती आवश्यकच होती. तथापि अपुरी मजुरी, स्थलांतर, अशुद्ध पाणी आणि उन्हाळ्यातील कष्ट यांनी खंगलेले शरीर पावसाळ्यातील रोगराईला तोंड देते, हा ऋतुक्रमही त्या चर्चेत यायला हवा. पावसाळ्यातील मृत्यूची कारणे काही प्रमाणात त्याआधीच्या उन्हाळ्यात शोधावी लागतात.

२०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. ही नेहमीच्या ११ जून या तारखेच्या दोन आठवडे आधीची घटना होती आणि मुंबईसाठी अनेक दशकांतील सर्वांत लवकरचे आगमन होते. शहरासाठी ही उकाड्यातून सुटका होती. राबावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि भिजलेल्या कच्च्या विटांचा हिशेब ज्याच्या मजुरीशी जोडलेला असतो त्या मजुरासाठी लवकर आलेल्या पावसाचा अर्थ वेगळा असतो. एकाच अंदाजाचे दोन अर्थ होतात, ते असे.

निष्कर्ष :

१. जव्हार-मोखाडा परिसरातील लोकपरंपरेत उन्हाळा हा शेतीच्या तयारीचा निर्णायक काळ होता. राबाच्या पद्धतीमुळे कोरड्या दिवसांचा अंदाज बांधणे ही येथील मूलभूत गरज होती. ते आडाखे अपुरे असले तरी स्थानिक होते.

२. वसाहतकाळात उभी राहिलेली हवामान-नोंदीची व्यवस्था महसूल व पाऊस यांना केंद्रस्थानी ठेवणारी होती. मोखाडा ब्रिटिश मुलखात आणि जव्हार संस्थानात असूनही 'भरपूर पावसाचा प्रदेश' ही एकच ओळख दोघांना मिळाली आणि ती पुढेही टिकली.

३. आणेवारीपासून २०१६ च्या संहितेपर्यंत दुष्काळाची व्याख्या पावसाच्या तुटीशी प्रामुख्याने जोडलेली राहिली. त्यामुळे अतिवृष्टीच्या प्रदेशातील उन्हाळी टंचाई दुष्काळ म्हणून ओळखली गेली नाही. ती दरवर्षीच्या आराखड्याचा आणि टँकरचा विषय बनून राहिली.

४. उष्णतेच्या लाटेचे निकष शास्त्रीय असले तरी किनारा, पठार आणि घाट एकत्र असलेल्या जिल्ह्यात जिल्हानिहाय इशारा पुरेसा ठरत नाही. महसूल मंडळस्तरीय नोंदींचा वापर पीकविम्याबरोबरच आरोग्यविषयक इशाऱ्यासाठी झाला पाहिजे.

५. अंदाज आणि कृती यांतील अंतर मजुरीच्या प्रश्नाशी निगडित आहे. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा स्वीकारला आणि तो देशात आदर्श मानला गेला. त्याची रचना शहरासाठी होती. आदिवासी तालुक्यांसाठी असा आराखडा करताना वीटभट्टीवरील कामाच्या वेळा, कामाच्या ठिकाणी पाणी व सावली, आणि उष्ण दिवसांत टँकरच्या पाण्याच्या प्रमाणात वाढ यांचा समावेश करावा लागेल.

समारोप :

नोंद हा शासनाच्या कृतीचा पहिला आधार असतो. जव्हार-मोखाड्यात गेल्या शतकभराहून अधिक काळ पाऊस मोजला गेला आणि त्या मोजमापामुळे हा प्रदेश सुस्थितीत असल्याचा समज दृढ झाला. आता तापमान मोजण्याची साधने मंडळांपर्यंत पोहोचली आहेत. त्यांच्या नोंदींबरोबर विहिरींची पातळी, स्थलांतराचा काळ आणि आरोग्य केंद्रांतील उष्माघाताचे रुग्ण यांच्या नोंदी एकत्र ठेवल्या, तर या दोन तालुक्यांच्या उन्हाळ्याचा इतिहास प्रथमच आकड्यांनिशी लिहिता येईल. या कामी परिसरातील महाविद्यालयांना मोठा वाव आहे. भूगोल, इतिहास आणि अर्थशास्त्र या विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या पाड्यांवरील विहिरींची मार्च ते जून या काळातील पातळी दरवर्षी नोंदविण्यास सुरुवात केली, तरी दहा वर्षांत मौलिक साधनसामग्री उपलब्ध होईल. यांतील बहुतेक विद्यार्थी याच पाड्यांवरून येत असल्याने, जी नोंद कचेरीने घेतली नाही ती घेण्यास ते सर्वाधिक पात्र आहेत.